देल्फिनाचं मीठ

उंच पठारावरच्या आमच्या हायुपाता गावात कुणी मीठ खाल्लं म्हणून कुणी त्याच्याकडे वळून बघत नाही. घरं मिठाच्या चिऱ्यांची, अंगणं मिठाची, वाऱ्याने उडून डोळ्यांत जातं तेही मीठच. सकाळी अंथरुणातून उठावं तर ओठ खारट असतात. अशा गावात देल्फिना युक्रा येताजाता चिमूट चिमूट मीठ तोंडात टाकायची, यात नवल ते काय! आणि ती काळी पडली, यातही काय मोठंसं! समोर क्षितिजापर्यंत आटलेल्या तळ्याचं पांढरंशुभ्र मिठागर पसरलेलं, त्यावर ऊन आपटून पुन्हा वर येतं, माणूस दोन्ही बाजूंनी भाजून निघतो. तिशीतली बाई इथे पन्नाशीची दिसते. त्यामुळे दीड वर्षं ही पोर सगळ्या गावादेखत मरत होती आणि गावाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

गावाचं सोडा, पण निकानोराला दिसायला हवं होतं. थोरली बहीण ती. बावन्न वर्षांची, ठेंगणी, रुंद, पाठीवर दोन वेण्या आणि जिभेला हाड म्हणून नाही. बाप पोतोसीच्या खाणीतून खोकत खोकत घरी आला आणि दोन हिवाळे त्याच एका खोलीत खोकून गेला. वर्षाच्या आत आईही गेली. तेव्हा देल्फिना चार वर्षांची होती. निकानोराने तिला पदराखाली घेतलं आणि लग्नाचा विचार सोडून दिला. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक लेकरू आयतं मिळालंय, आता नवरा आणून दुसरं कशाला सांभाळू?"

दोघी मिळून मिठाची गिरणी चालवायच्या. मिठागरात खोरून ठेवलेले ढीग इलारियोनच्या ट्रकने यायचे, लोखंडी पत्र्यावर शेकून वाळवायचे, दळायचे, पिशव्यांत भरायचे. आणि भरायच्या आधी त्यावर आयोडीन फवारायचं. हे काम निकानोराचं. त्याला ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. तिच्या आईच्या गळ्याला मुठीएवढं गलगंड होतं, आजीच्या गळ्याला दोन मुठींएवढं. मिठात आयोडीन घालायला लागले आणि नव्या पोरांचे गळे साफ निघाले, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे मीठ आणि माणसाची तब्येत या विषयात आपल्याहून शहाणं या पठारावर कुणी नाही, अशी तिची पक्की समजूत होती. गावही तेच मानायचं. कुणाला ताप आला, कुणाच्या पोटात दुखलं, की आधी निकानोराकडे.

देल्फिना पूर्वी पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन गाणं म्हणत चालायची. मग गाणं थांबलं. मग पोतं थांबलं. मग रिकामी पिशवी हातात घेऊन बसून राहायला लागली.

"उठा राणीसाहेब," निकानोरा म्हणायची, "मीठ काय आपल्या पायांनी पिशवीत जाणार आहे?"

"उठते गं ताई. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते."

"अंधारी येते! इथे उन्हाने लोकांचे डोळे जातायत आणि हिला अंधारी येते."

सकाळी तिला मळमळायचं. घागऱ्याची नाडी दर महिन्याला बोटभर आत जायची. बटाट्याचं सार समोर ठेवलं तर दोन घास खायची, पण आधी त्यात मूठभर मीठ कालवायची. शेजारची सातुर्निना एकदा म्हणालीसुद्धा, "निकानोरा, हिचा जीव कशाला तरी भ्यायलाय आणि कुठेतरी मागे राहिलाय. हिचं एखादं कापड घेऊन हाक मारायला हवी."

"जीव मागे राहिलेला नाही," निकानोरा फटकन म्हणाली, "कामावरून मन उडालंय."

तोंडाने असं म्हणायची खरी, पण आत ती घाबरली होती. ताटात चार्केचा, म्हणजे लामाच्या खारवलेल्या सुक्या मांसाचा, मोठा तुकडा ती गुपचूप धाकटीच्या बाजूला सरकवायची. घाबरलं की ओरडायचं, ही तिची सवय जुनी.

मग एका मंगळवारी आरोग्य खात्याची गाडी आली. शाळेच्या अंगणात टेबल मांडून दोन नर्सबाया सगळ्यांचा रक्तदाब मोजायला बसल्या. गाव रांगेत उभं राहिलं. निकानोराच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि नर्सच्या भुवया वर गेल्या.

"दोन्या निकानोरा," नर्स म्हणाली; थोरल्या बाईला आमच्याकडे मानाने दोन्या म्हणतात. "तुमचा दाब फार वाढलाय. मीठ कमी करायला हवं."

अख्खी रांग खदखदून हसली. इलारियोन मागून ओरडला, "बाई, माशालाही सांगून बघा पाणी कमी पी म्हणून!"

निकानोरा मात्र हसली नाही. तिने विचारलं, "चक्कर येणं, थकवा येणं, हे याच्यामुळेच ना?"

"येऊ शकते चक्कर. का, तुम्हाला येते?"

"मला नाही. माझ्या बहिणीला."

"मग तिला घेऊन या की. मोजूया."

निकानोरा घरी गेली. देल्फिना भिंतीकडे तोंड करून पडलेली. "ताई, आज अंगात त्राण नाही. उद्या जाऊ." उद्या कसली, गाडी तीन वाजता निघूनही गेली. पण निकानोराला आता मोजण्याची गरजच वाटत नव्हती. तिचं गणित सरळ होतं. मी बेताचं मीठ खाते आणि माझा दाब एवढा. ही मुठीमुठीने खाते, मग हिचा केवढा असेल! कोडं सुटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

त्याच संध्याकाळी तिने बिनमिठाचं सार रांधलं. चार्केची दोरी भिंतीवरून उतरवली आणि सातुर्निनाच्या घरी देऊन आली. मिठाचं मडकं कुलपात घातलं. मिठाच्या गावात मिठाला कुलूप! लोक हसले, पण निकानोराचा शब्द होता, सगळ्यांनी पाळला. देल्फिनाला कुणी चिमूटभरही द्यायचं नाही असं ठरलं. तिला गिरणीतही येऊ द्यायचं नाही. अंगणात, गल्लीच्या नजरेसमोर बसून तिने पिशव्यांवर शिक्के मारायचे.

"ताई, एवढंसं दे गं. जिभेवर ठेवायला."

"एवढंसंही नाही. नर्सने सांगितलंय."

"मला कुठे सांगितलंय? तुला सांगितलंय."

"तोंड वर करून बोलू नकोस. तुझ्या भल्यासाठीच करतेय मी."

आणि ती खरोखरच तिच्या भल्यासाठी करत होती. हेच तर वाईट.

सहाव्या दिवशी निकानोरा पांघरुणं उन्हात घालायला गेली आणि पलंगामागच्या भिंतीत तिला खळगा दिसला. वाटीएवढा, आतून गुळगुळीत, ओला. लामांना चाटायला मिठाचा दगड ठेवतात, त्याला पडतो तसा. एक क्षण तिला कळेचना. मग कळलं, आणि डोकं भणाणलं.

"देल्फिना!"

देल्फिना दारात येऊन उभी राहिली. चौकट धरून.

"जनावर आहेस का तू? घराची भिंत चाटतेस?"

"मला राहवत नाही, ताई." तिचा आवाज इतका बारीक होता की निकानोराला पुढे व्हावं लागलं. "मी ठरवते नाही म्हणून. पण तहान लागल्यासारखं होतं. पाणी पिऊन जात नाही अशी तहान. चाटलं की घटकाभर उभं राहता येतं."

त्या शेवटच्या वाक्यात सगळं होतं. पण निकानोराने ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिने माती आणली, चुना आणला, पाण्यात कालवला आणि दुपारभर गुडघ्यांवर बसून चारही भिंती माणसाच्या उंचीपर्यंत लिंपून काढल्या. देल्फिना पलंगावर बसून बघत होती. विनवलं नाही, भांडली नाही. फक्त एकदा म्हणाली, "नीट लिंपतेस हं ताई तू. कुठे फट म्हणून ठेवत नाहीस."

पुढे आठवड्याने गल्लीत जुलाबाची साथ आली. दोन दिवस सगळ्यांची धावपळ, तिसऱ्या दिवशी सगळे बरे. निकानोराही बरी झाली, आठ वर्षांची पोरंही बरी झाली. देल्फिना बरी झाली नाही. ओकत राहिली, आणि चौथ्या दिवशी सकाळी निकानोराने हाक मारली तर तिने डोळे उघडले, पण बहिणीला ओळखलं नाही. हातपाय थंडगार. मनगट धरलं तर नाडी लागेना.

निकानोराच्या तोंडचं पाणी पळालं. ती अंगणात धावली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी किंचाळली, "इलारियोन! ट्रक काढ! माझी पोर चालली!"

सातुर्निना हातात देल्फिनाची शाल घेऊन धावत आली. जिवाला हाक मारण्यासाठी. निकानोराने ती शाल तिच्याकडून घेतली, देल्फिनाभोवती गुंडाळली आणि म्हणाली, "तू इथून हाका मार बाई, मी तिकडून डॉक्टरला मारते. कुणाचं तरी ऐकेल."

अर्धा ट्रक मिठाने भरलेला तसाच होता. इलारियोनने रिकामा करायचीही वाट पाहिली नाही. दीड तास मिठागरावरून ट्रक पळाला आणि तो सगळा वेळ निकानोरा बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्यावर ओरडत होती. "झोपू नकोस! झोपलीस तर बघ! देल्फिना, ऐकतेस का? तुला काय हवं ते देते, पण झोपू नकोस!"

शहरातल्या इस्पितळात ड्युटीवर एक डॉक्टरीणबाई होती. आम्पारो उर्कीदी तिचं नाव. चाळिशीची, नाक सर्दीने लाल झालेलं, खिशात रुमालांचा ढीग. तिने दंडाला पट्टा बांधला. यंत्राने आकडा दाखवायला दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा दाखवला.

"वाढलाय ना?" निकानोरा म्हणाली. "खूप वाढलाय ना दाब?"

"वाढलाय? दोन्या, दाब जवळजवळ उरलेलाच नाही."

डॉक्टरीणबाईने देल्फिनाच्या पापण्या उचलून पाहिल्या, मग हाताचे तळवे उलटे केले. तळव्यांवरच्या रेषा कोळशाने ओढल्यासारख्या काळ्या होत्या. ती थबकली. तिने बॅटरी मागवली आणि देल्फिनाचा ओठ अंगठ्याने खाली ओढला. हिरड्यांवर निळेकाळे डाग होते, गालांच्या आतही.

"ही काळी कधीपासून पडलीय?"

"मिठागरावरचं ऊन लागतं हो," इलारियोन दारातून म्हणाला. "आमच्याकडे सगळेच काळे."

"तोंडाच्या आत ऊन शिरतं तुमच्याकडे?"

इलारियोनने टोपी काढून हातात घेतली.

"बरं, आणखी एक सांगा. हिला मीठ खावंसं वाटायचं का? नेहमीपेक्षा जास्त?"

इलारियोनला हसू फुटलं. "डॉक्टर, आम्ही हायुपाताचे. आम्हाला हे काय विचारता?"

"मुठीने खायची," निकानोरा म्हणाली. तिची मान ताठ झाली, सवयीने. "पण मी बंद केलं. पंधरा दिवस तिच्या तोंडात कण जाऊ दिला नाही. भिंती चाटायला लागली तर भिंतीही लिंपल्या मी."

डॉक्टरीणबाईने तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही. रागवायला तिला सवड नव्हती. ती वळून नर्सवर ओरडली, "मिठाच्या पाण्याची बाटली लाव, मोठी सुई घे, भरधाव जाऊ दे. आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आण. रक्त तपासायला पाठव, पण रिपोर्टची वाट बघू नकोस. आत्ता!"

मिठाच्या पाण्याची. निकानोराने नीट ऐकलं. ती भिंतीशी सरकून उभी राहिली.

पुढचे दोन तास कसे गेले ते तिलाच ठाऊक. पहिली बाटली संपली. दुसरी लावली. निकानोरा नळीतल्या थेंबांकडे बघत होती आणि मनातल्या मनात धरतीमाता पाचामामाला, मरियेला, आईला, बापाला, जो कुणी ऐकेल त्याला सांगत होती की मला न्या, हिला ठेवा. मग देल्फिनाच्या ओठांना रंग आला. मग तिने कूस बदलली. आणि मग डोळे उघडून, महिन्याभरात ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, "ताई, मला भूक लागलीय."

निकानोरा बाहेर गेली आणि इस्पितळाच्या पायरीवर बसून मोठ्याने रडली. इलारियोन बाजूला उभा राहून आपली टोपी गोल गोल फिरवत राहिला.

डॉक्टरीणबाई नाक पुसत बाहेर आली आणि तिच्या शेजारी पायरीवरच बसली. कोकाच्या पानांचा गरम चहा होता हातात, तो तिने निकानोराला दिला.

"दोन्या, तुम्ही मिठात आयोडीन घालता असं तुमचा ड्रायव्हर सांगत होता. मग गलगंड का होतं ते तुम्हाला माहीत असेल."

"आयोडीन मिळत नाही म्हणून. माझ्या आईला होतं."

"हो. पण गळा फुगतो कशाने? आपल्या मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. ती सगळ्यांवर लक्ष ठेवून असते. गळ्यातल्या ग्रंथीचा रस रक्तात कमी पडला की ती ओरडते, कर, अजून कर. गळ्यातली बिचारी आयोडीन नसताना करणार काय? ती कष्ट करून करून मोठी होत जाते. तुमच्या आईच्या गळ्याला जे लोंबत होतं ते दुखणं कमी आणि मेहनत जास्त."

निकानोराने चहाचा घोट घेतला. पन्नास वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. आईचं ते गलगंड, ज्याच्यावरून पोरं चिडवायची, ती मेहनत होती.

"तशाच आणखी दोन ग्रंथी पाठीत आहेत, मूत्रपिंडांच्या डोक्यावर. एवढ्याशा." डॉक्टरीणबाईने बोटाचं टोक दाखवलं. "त्यांच्या रसांना हार्मोन म्हणायचं. एक रस मूत्रपिंडाला सांगतो, मीठ बाहेर सोडू नकोस, धरून ठेव. दुसरा रस, ताप आला, भीती वाटली, उपास घडला, मार लागला, की अंगाला उभं करतो. किती सोडायचं, कधी थांबायचं, सगळं आपलं आपण. दिवसभर, झोपेतसुद्धा. तुम्ही आयोडीन कसं घालता?"

"मापाने. एका ढिगाला एक टोपण. जास्त झालं तर वास मारतं, कमी झालं तर फुकट."

"मग तुम्हाला कळेल. शरीर हे माप क्षणाक्षणाला करतं. मिठाचं, साखरेचं, पाण्याचं. तुम्ही खारट खाल्लंत तर टोपण कमी, जुलाब झाले तर जास्त. मी वीस वर्षं डॉक्टर आहे आणि अजून मला याचं कौतुक वाटतं. माझ्या हातात बाटल्या आहेत, यंत्रं आहेत, तरी मला ते जमत नाही तितकं नेमकं."

"आणि देल्फिनाच्या?"

"देल्फिनाच्या त्या दोन्ही ग्रंथी गेल्यात. घरात कुणाला क्षय होता का?"

"बाप. खाणीतून आला होता. आम्ही खाणीची धूळ म्हणायचो."

"शक्य आहे की त्याचाच असेल. लहानपणी शिरला, वर्षानुवर्षं गप्प बसला आणि मग त्या ग्रंथींना पोखरून गेला. तपासणी करू. ग्रंथी गेल्या, पण मेंदूखालच्या ग्रंथीला काय कळणार? ती ओरडतच राहिली, करा, करा. रक्तातून ती हाक सगळीकडे जाते. ग्रंथींनी ऐकली नाही, पण कातडीने ऐकली. ती काळी पडत गेली. तळव्यांच्या रेषांत, हिरड्यांवर, ऊन कधी न लागणाऱ्या जागी."

निकानोराचा कप हातात तसाच राहिला. दीड वर्षं. दीड वर्षं आतून कुणीतरी हाका मारत होतं, बहिणीच्या चेहऱ्यावर ती हाक दिसत होती, आणि आपण म्हणत होतो, टोपी घालत नाहीस म्हणून भाजलीस.

"मीठ धरून ठेवणारं कुणी उरलं नाही," डॉक्टरीणबाई सांगत होती, "मीठ लघवीवाटे वाहून चाललं. तेव्हा शरीराने दुसरा रस्ता काढला. आतून धरता येत नाही ना, मग बाहेरून भर घाला. तिला मिठाची भूक लावली. दोन्या, हिला ना शाळेने शिकवलं, ना डॉक्टरने. जिभेने सांगितलं आणि तिने ऐकलं. दुसऱ्या कुठल्या गावात असती तर एवढं मीठ तिला कोण खाऊ देतं? वर्षापूर्वीच गेली असती. तुमच्या गावाने तिला जगवलं."

"गावाने जगवलं आणि मी मारलं," निकानोरा म्हणाली.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"मला सगळं माहीत असतं. गावात कुणालाही विचारा."

डॉक्टरीणबाईने खिशातला एक रुमाल काढून तिच्या हातात दिला. ती उठली. दोन पावलं गेली आणि परत आली.

"एक गोष्ट मात्र माझ्या हिशोबात बसत नाही. पंधरा दिवस बिनमिठाची, वरून चार दिवस जुलाब आणि ओकाऱ्या. अशी बाई तुमच्या ट्रकपर्यंतही पोचायला नको होती. पोचली कशी, देव जाणे."

संध्याकाळी देल्फिना उशीला टेकून बसली होती. तिच्यापुढे किन्वाच्या साराचा वाडगा होता आणि नर्सने आपल्या हाताने त्यात दोन चमचे मीठ घातलं होतं. ती खात होती. नुसती खात नव्हती, वाडगा पुसून घेत होती. निकानोरा पलंगाशेजारच्या बाकावर बसून तो प्रत्येक घास डोळ्यांनी मोजत होती. त्या ग्रंथींच्या रसाच्या गोळ्या आता जन्मभर घ्यायच्या होत्या. सकाळी दोन, दुपारी एक. ताप आला की दुप्पट, कारण निरोगी अंग तापात जे आपसूक करतं ते हिला हाताने करावं लागणार. ओकारी थांबेना तर इंजेक्शन, आणि ते टोचायला निकानोराने उद्या नर्सकडून शिकायचं होतं. संत्र्यावर.

"देल्फिना," ती शेवटी म्हणाली, "तू मला चार शिव्या दे."

"आत्ता नको. आत्ता खातेय."

"मी तुला मारत होते गं. घरात बसवून, हाताने. तू म्हणत होतीस की चाटलं की उभं राहता येतं, मी ऐकलं, आणि तरी लिंपत राहिले. आईने वर विचारलं तर मी काय तोंड दाखवू तिला?"

देल्फिनाने चमचा खाली ठेवला. तिने हात पुढे करून निकानोराच्या एप्रनचं टोक धरलं. सकाळी निघताना निकानोराला तो सोडायचंही भान राहिलं नव्हतं. गिरणीतला जाड कापडाचा एप्रन, मिठाच्या भुकटीने पुठ्ठ्यासारखा कडक झालेला.

"तू भिंती लिंपल्यास ना," देल्फिना म्हणाली, "त्या दिवसापासून तू झोपलीस की मी हा खुंटीवरून काढायचे. पांघरुणात घेऊन चोखत पडायचे. लहानपणी तुझा पदर चोखायचे तशी. पहाटे तू उठायच्या आत परत टांगायचे. जुलाबातही तेच केलं. नंतर हात पोचेना, तेव्हा मग काही आठवत नाही."

निकानोराने एप्रनकडे पाहिलं. खालची कड खरंच मऊ झाली होती, पांढुरकी, चोथा झालेली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नाकातून वाहायला लागलं, आणि तिने ते पुसलंही नाही.

"अगं बये," ती कशीबशी म्हणाली, "तो मी महिनाभर धुतला नव्हता!"

"बरं झालं," देल्फिना म्हणाली आणि पुन्हा चमचा उचलला. "धुतला असतास तर मेले असते मी."